खुबा मोडला तर पहिले दोन दिवस



आजचा भाग एका ताईंच्या प्रश्नावरून केला आहे. ताई बडोद्याला राहतात. त्यांच्या सासूबाई, वय ७९, सकाळी बाथरूममध्ये पाय घसरून पडल्या. एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाले, खुब्याचं हाड मोडलंय, ऑपरेशन करावं लागेल. घरात लगेच दोन तट पडले. थोरले दीर म्हणाले, "या वयात कशाला चिरफाड? बीपी आहे, शुगर आहे. पडून राहू दे, हाड आपोआप जुळेल." बाकीचे गप्प. अशा वेळी घरातल्यांनी काय करावं, असं ताईंनी विचारलं आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मी डॉक्टर नाही. पायदळात नोकरी केली, निवृत्तीनंतर महूला घर केलं. पण मोडलेली हाडं आयुष्यभर जवळून पाहिली. डोंगरात घसरलेले जवान, गाडी उलटून जखमी झालेले जवान, आणि आता माझ्याच वयाचे आणि त्याहून मोठे निवृत्त सहकारी. त्यामुळे या विषयावर वाचत आलो, डॉक्टर मित्रांना विचारत आलो. तुमच्या रुग्णाचा निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या. त्यांच्याशी काय बोलायचं, ते आज सांगतो.

आजचा मुद्दा छोटा आहे. म्हातारपणी खुबा मोडला की खरा धोका मोडलेल्या हाडापेक्षा अंथरुणाचा असतो. म्हणून ऑपरेशन पहिल्या दोन दिवसांत व्हावं, आणि ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी रुग्णाला उभं करावं. बाकी सगळं या दोन वाक्यांचा विस्तार आहे.

नेमकं काय मोडतं?

मांडीचं हाड हे शरीरातलं सर्वांत लांब आणि मजबूत हाड. त्याच्या वरच्या टोकाला चेंडूसारखा गोल भाग असतो. तो कमरेच्या हाडातल्या वाटीत बसतो. चेंडू आणि खालचा दांडा यांना जोडणारा तिरका भाग म्हणजे हाडाची मान. आपलं उभं राहणं, चालणं, उकिडवं बसणं, सगळा भार या मानेवरून जातो. वयानुसार हाड आतून पोकळ होत जातं आणि ही मान कमकुवत होते. मग दुचाकीवरून पडायलाही लागत नाही. पलंगावरून उठताना तोल गेला, साडीचा काठ पायात आला, एवढं पुरतं.

मोडण्याचे दोन मुख्य प्रकार आहेत, आणि ऑपरेशन कोणतं होणार ते यावरून ठरतं.

पहिला प्रकार, मान मोडते. इथे अडचण रक्तपुरवठ्याची. चेंडूला रक्त पोचवणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या मानेला चिकटून वर जातात. मान तुटून सरकली की त्याही तुटतात. मग चेंडूला रक्त मिळत नाही आणि हाड जोडलं तरी तो मरण्याची शक्यता मोठी असते. म्हणून वयस्कर माणसात तुटलेला चेंडू काढून तिथे धातूचा बसवतात. बिलावर 'बायपोलर' किंवा 'हेमी' असं लिहिलेलं दिसेल. माणूस आधी चांगला हिंडता-फिरता असेल तर कधी वाटीसकट पूर्ण सांधा बदलतात.

दुसरा प्रकार, मानेच्या खाली मोडतं. इथे रक्तपुरवठा चांगला असतो, त्यामुळे हाड जुळतं. पण ते जुळेपर्यंत जागेवर धरून ठेवायला आधार लागतो. त्यासाठी स्क्रू आणि पट्टी, किंवा हाडाच्या पोकळीत घालायचा रॉड वापरतात. बिलावर 'डीएचएस' किंवा 'पीएफएन' अशी अक्षरं असतात.

आता दिरांच्या म्हणण्याकडे येऊ. "पडून राहिलं तर हाड जुळेल." दुसऱ्या प्रकारात कधी कधी जुळतं, हे खरं आहे. पण त्यासाठी अनेक आठवडे पायाला वजन लावून पडून राहावं लागतं. जुन्या लोकांनी पायाला वीट बांधलेली पाहिली असेल, ती हीच पद्धत. पंचविशीतला माणूस ते सोसतो. ७९ वर्षांच्या बाईला ते झेपत नाही.

विश्रांतीचा जुना सल्ला आला कुठून?

हे सांगताना मला ह्यू ओवेन थॉमस आठवतात. इंग्लंडमधल्या लिव्हरपूलचे एकोणिसाव्या शतकातले सर्जन. घराणं पिढीजात हाडवैद्यांचं, आपल्याकडेही असतात तसं. मोडलेला पाय सरळ ताणून धरणारा लोखंडी सांगाडा त्यांनी बनवला. फौजेत काम केलेल्या प्रत्येकाला 'थॉमस स्प्लिंट' हे नाव माहीत असतं. मांडीचं हाड मधोमध मोडलं तर आतल्या आत लिटरभर किंवा त्याहूनही जास्त रक्त जाऊ शकतं. पाय ताणून स्थिर केला की रक्तस्राव आणि वेदना दोन्ही कमी होतात. थॉमस १८९१ साली वारले. पहिल्या महायुद्धात त्यांचे भाचे रॉबर्ट जोन्स यांनी हा स्प्लिंट आघाडीवर पोचवला आणि मांडीच्या जखमांनी मरणाऱ्या सैनिकांचं प्रमाण खूप घटलं.

याच थॉमस यांची शिकवण अशी होती, की सांध्याला विश्रांती सक्तीची, अखंड आणि दीर्घ द्या. त्या काळात ते योग्यच होतं. एक्स-रे नव्हता, अँटिबायोटिक नव्हतं, हाडाच्या आत टाकायला भरवशाचा धातू नव्हता.

पुढे चित्र बदललं. १९२५ मध्ये अमेरिकेत स्मिथ-पीटरसन यांनी खुब्याच्या मानेत तीन पात्यांचा खिळा बसवायला सुरुवात केली. १९४० च्या सुमारास जर्मनीत क्युंटशर यांनी हाडाच्या पोकळीत लांब खिळा घालण्याची पद्धत आणली. त्याच काळात अमेरिकेत ऑस्टिन मूर यांनी धातूचा खुबा बसवला. त्यांच्या नावाचा कृत्रिम खुबा आपल्या देशातही वर्षानुवर्षं वापरात राहिला. १९५८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सर्जनांचा एक गट एकत्र आला, आणि हाड इतकं पक्कं धरा की रुग्णाला लगेच हालचाल करता येईल, हे सूत्र जगभर गेलं. घरोघरी मात्र अजून थॉमस यांच्या काळातला सल्ला चालतो.

अंथरूण काय करतं?

म्हातारं माणूस आडवं पडलं की काय होतं ते क्रमाने सांगतो. पाठीवर पडून श्वास उथळ होतो, खोकला नीट निघत नाही, छातीत कफ साठतो आणि न्यूमोनिया होतो. पायातलं रक्त संथ वाहतं, गुठळी होते, ती सुटून फुप्फुसात गेली तर क्षणात जीव जातो. माकडहाडावर आणि टाचांवर त्वचा दबून जखमा होतात. लघवीचा संसर्ग होतो. भूक मरते. स्नायू वितळत जातात, आणि काही आठवड्यांनी हाड जुळलं तरी उभं राहायला पायात ताकदच उरत नाही.

आकडेही गंभीर आहेत. जगभरच्या अभ्यासांत खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण पाचातला एक ते तिघांतला एक वर्षभरात दगावतो. वाचलेल्यांपैकी अनेकजण पूर्वीसारखे चालू शकत नाहीत. म्हणून "पडून पाय मोडला, एवढंच ना" असं म्हणू नका. हा हृदयविकाराच्या झटक्याइतकाच गंभीर प्रसंग माना.

इंग्लंडच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात की रुग्ण दाखल झाला त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ऑपरेशन व्हावं. मग आणखी घाई केली तर? हा प्रश्न एका मोठ्या अभ्यासात तपासला गेला. १७ देशांतली ६९ रुग्णालयं, जवळपास ३,००० रुग्ण, आणि भारतही त्यात होता. २०२० साली तो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. निदानानंतर साधारण सहा तासांत ऑपरेशन झालेले एका बाजूला आणि साधारण चोवीस तासांत झालेले दुसऱ्या बाजूला. मृत्यूंच्या प्रमाणात लक्षणीय फरक दिसला नाही. पण लवकर झालेल्यांना भ्रम कमी झाला, लघवीचा संसर्ग कमी झाला, आणि ते लवकर उभे राहिले. यातून मी असं समजतो, की एक-दोन तासांसाठी जिवाचा आटापिटा नको, पण घरातल्या चर्चेत चार-पाच दिवस घालवणं महागात पडतं.

पडल्यावर लगेच काय करायचं?

वयस्कर माणूस पडलं आणि जांघेत दुखतंय म्हणालं, तर खुबा मोडलाय असं धरूनच चाला. ठळक खूण म्हणजे तो पाय आखूड दिसतो आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेलं असतं. पण ही खूण नेहमी दिसत नाही. कधी हाड मोडून एकमेकांत रुतून बसतं आणि माणूस लंगडत चालतंही. पहिल्या एक्स-रेमध्येही कधी फट दिसत नाही. दुखणं थांबलं नाही तर डॉक्टरांना पुन्हा विचारा, एमआरआय लागू शकतो.

उभं करून बघू नका. तेल लावून चोळू नका. पाय ओढू नका. कुणाकडे नेऊन घट्ट पट्ट्या बांधून घेऊ नका. ज्या स्थितीत पाय कमी दुखतो त्या स्थितीत दोन्ही बाजूंना उशा लावा, अंगावर पांघरूण घाला आणि १०८ किंवा ११२ ला फोन करा. रुग्णवाहिका लवकर मिळणार नसेल तर फळीवर किंवा ताठ सतरंजीवर चौघांनी उचला. रिक्षात बसवून नेऊ नका. चहा-जेवण द्यायचं की नाही ते डॉक्टरांना फोनवर विचारा.

आणि निघताना एक पिशवी घ्या. चालू गोळ्या पाकिटांसकट, जुने कागद, आधार कार्ड, आयुष्मान कार्ड असेल तर ते, चष्मा, कवळी, कानाचं यंत्र. चष्मा आणि कानाचं यंत्र का, ते पुढे सांगतो.

दवाखान्यात विचारायचे प्रश्न

फौजेत कामगिरीवर निघण्याआधी आम्ही प्रश्न विचारून घ्यायचो. इथेही पाच प्रश्न विचारा, नम्रपणे पण स्पष्ट.

एक, कोणता प्रकार मोडलाय आणि कोणतं ऑपरेशन करणार? दोन, कधी करणार? तीन, थांबायचं असेल तर कशासाठी, आणि ते कारण किती तासांत दूर होईल? चार, आत्ता वेदना कमी करायला काय देताय? जांघेजवळ बधिर करण्याचं इंजेक्शन देऊन वेदना पुष्कळ कमी करता येतात. पाच, ऑपरेशननंतर उभं कधी करणार, आणि त्या पायावर किती भार द्यायचा?

तिसरा प्रश्न महत्त्वाचा आहे. थांबण्याची काही कारणं खरी असतात. छातीत ताजा संसर्ग, हृदयाचे ठोके अनियमित, सोडियम फार खाली, रक्त फार कमी. ती आधी सुधारावीच लागतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर पहिल्याच मिनिटाला सांगा, कारण त्यांचा परिणाम उतरवायचा की काही काळ थांबायचं, हे त्यावर ठरतं. पण नुसतं "बीपी थोडं जास्त आहे" किंवा "अमक्या डॉक्टरांची फिटनेसची सही सोमवारी मिळेल" एवढ्यावर दिवस जात असतील तर विचारा, की आजच काय करता येईल? दुसऱ्या रुग्णालयात हलवायचं असेल तर तेही पहिल्याच दिवशी ठरवा.

"पूर्ण भूल झेपणार नाही" ही भीती सगळ्यांना असते. पुष्कळदा हे ऑपरेशन कमरेत इंजेक्शन देऊन, खालचा भाग बधिर करून होतं. त्यातही धोका आहे, शून्य नाही. पण तुलना करताना एका पारड्यात ऑपरेशनचा धोका ठेवलात तर दुसऱ्या पारड्यात पडून राहण्याचा धोकाही ठेवा. दिरांनी ते दुसरं पारडं रिकामं ठेवलं होतं.

अपवाद आहेत. माणूस आधीच शेवटच्या आजारात असेल, तर डॉक्टर ऑपरेशन नको म्हणू शकतात. मग सगळं लक्ष वेदना कमी करण्यावर आणि शांत शेवटावर द्यायचं. हा निर्णय समोरासमोर बसून, रुग्णाला समजत असेल तर त्यालाही विचारून घ्यावा.

पैशाचं सांगतो. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या प्रत्येक नागरिकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची सोय आहे. आपल्या राज्यात आणि त्या रुग्णालयात ती लागू आहे का, ते दाखल होतानाच विचारा. माजी सैनिकांना ईसीएचएस आहे. कार्ड आधी काढून ठेवा. पडल्यावर काढायला धावू नका.

ऑपरेशननंतर

आमच्या कॉलनीतले एक निवृत्त सुभेदार साहेब, वय ८१. मान मोडली होती, चेंडू बदलला. त्याच रात्री ते ओरडायला लागले, "पोस्टवर कोण आहे? पहारा कुणाचा?" सून घाबरली. वाटलं, डोक्यावर परिणाम झाला. हा तात्पुरता भ्रम असतो, आणि या वयात तो पुष्कळांना होतो. मी शेजारी बसलो, आणि "साहेब, पहारा बदललाय, सगळं ठीक आहे" म्हणालो. ते शांत झाले. सकाळी चष्मा चढवला, कानात यंत्र घातलं, खिडकी उघडली, तारीख-वार सांगितला. दोन दिवसांत माणूस ठिकाणावर आला. चष्मा आणि यंत्र पिशवीत घ्या म्हणालो, ते यासाठी. ओळखीचा चेहरा जवळ असणं हाही इलाजाचा भाग आहे. भ्रम दिसला तर डॉक्टरांना मात्र सांगा, कारण मागे संसर्ग, वेदना किंवा अडलेली लघवी असू शकते.

दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्ट आले. सुभेदार साहेब पलंगाच्या कडेला बसले, वॉकर धरून उभे राहिले, चार पावलं चालले. दुखलंच. पण आधी वेदनेचं औषध देऊन मग उभं केलं होतं. घरची माणसं "आज राहू दे, उद्या बघू" म्हणतात ती प्रेमापोटी. असं प्रेम इथे नडतं. रोज थोडं थोडं, दिवसातून दोन-तीनदा, हे औषधासारखंच चुकवू नका. जेवणात डाळ, दूध, दही, अंडी चालत असतील तर अंडी. जखम भरायला आणि स्नायूंना प्रथिनं लागतात. गुठळी होऊ नये म्हणून दिलेलं औषध किती दिवस, ते कागदावर लिहून घ्या.

घरी आल्यावर चेंडू बदललेल्यांनी जमिनीवर, उकिडवं किंवा मांडी घालून बसायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, बुटकी खुर्ची वापरायची नाही. पाटावर जेवणारे आणि देशी संडास वापरणारे आपण, म्हणून ही सोय घरी येण्याआधी करून ठेवा. उंच खुर्ची, कमोड किंवा कमोडची खुर्ची, भिंतीला धरायला दांडा. सांभाळायला बाई किंवा माणूस ठेवाल, तर त्यांनी कामं करून देण्याऐवजी आजींना स्वतः उठायला, चालायला मदत करावी, हे पहिल्या दिवशीच सांगा.

सैन्याने ही गोष्ट फार पूर्वी ओळखली. पुण्याचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून काम करतंय. पाठीच्या कण्याला इजा झालेल्या जवानांसाठी खडकीला १९७४ पासून पुनर्वसन केंद्र आहे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेले मुरलीकांत पेटकर, आपल्या सांगली जिल्ह्यातले, १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक जिंकले. जखमी जवानाला पुन्हा कामाला लावणं हाच तिथे उपचाराचा शेवटचा टप्पा मानतात. घरातल्या आजीसाठी तो टप्पा म्हणजे स्वतःच्या पायांनी देवघरापर्यंत, अंगणापर्यंत जाणं.

दुसरा खुबा वाचवा

एकदा हाड मोडलं की दुसरं मोडण्याची शक्यता वाढते. टाके काढले की सगळे निश्चिंत होतात, आणि हाडं ठिसूळ का झाली हे कुणी विचारत नाही. तुम्ही विचारा. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व तर आहेच, पण हाडांची झीज रोखणारी वेगळी औषधंही आहेत. आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी आहे, वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं इंजेक्शन आहे. ही गोळी उपाशीपोटी पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. मूत्रपिंडं आणि दात तपासून कोणतं औषध चालेल ते डॉक्टर ठरवतील.

आणि घर बघा. बहुतेक म्हातारी माणसं घरातच पडतात. पलंग ते बाथरूम या वाटेवर रात्री दिवा हवा. सुटी पायपुसणी उचला. बाथरूमची फरशी कोरडी ठेवा. झिजलेल्या चपला फेका. झोपेच्या आणि बीपीच्या गोळ्यांनी उठताना चक्कर येत असेल तर डॉक्टरांना सांगा. मोतीबिंदू लांबवू नका.

आज हा भाग संपला की एक काम करा. घरातल्या ज्येष्ठ माणसाच्या चालू गोळ्या, आजार, रक्तगट, कार्डाचा नंबर, आणि हाडांची सोय असलेल्या जवळच्या दोन रुग्णालयांचे फोन एका कागदावर लिहा आणि फ्रिजवर चिकटवा. दिरांना, जावांना, परगावच्या मुलांना त्याचा फोटो पाठवा. ऑपरेशनला होकार कोण देणार, हेही आजच ठरवा, कारण पडल्यानंतरचे तास वाद घालण्यात घालवायचे नसतात.

पुढच्या भागात गुडघ्याबद्दल बोलू. तोवर जिना उतरताना कठडा धरा. जय हिंद.